हवेचा पाढा

वाहन चालवणे ही हातापायांची विद्या असून ती पुस्तकातून येत नाही, हा समज सर्वत्र रूढ आहे आणि त्यात पुष्कळ तथ्यही आहे. क्लच नेमका कुठे धरतो, वळणावर लांब गाडीचे मागचे चाक किती आत येते, चढावर कोणत्या क्षणी गिअर उतरवायचा, हे शब्दांत नीट सांगता येत नाही आणि सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या पायात उतरत नाही. असे असूनही प्रवाशांनी भरलेली बस एखाद्याच्या हाती सोपवण्यापूर्वी अनेक देशांचे कायदे त्याला आधी टेबलाशी बसवतात आणि प्रश्न विचारतात. लेखी परीक्षा म्हटले की शाळा, शिष्यवृत्ती किंवा स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर येतात. दिवसभराचे काम आटोपून घरी आलेला, चाळिशी गाठलेला माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तिका उघडून हवेच्या दाबाचे आकडे घोकत बसला आहे, हे चित्र त्या मालिकेत सहसा कोणी बसवत नाही. त्या टेबलावर पाठ केलेल्या शब्दांचे पुढे रस्त्यावर काय होते, हा प्रश्न मात्र बसने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

या परीक्षेचे बांधीव रूप अमेरिकेत पाहायला मिळते. तेथे १९८६ पर्यंत अनेक राज्यांत मोटारीचा साधा परवाना असलेल्या माणसाला मोठा ट्रक किंवा बस चालवण्याचीही मुभा होती, आणि काही चालक निरनिराळ्या राज्यांचे परवाने एकाच वेळी बाळगून आपले गुन्हे त्यांवर विभागून टाकत असत. त्या वर्षी झालेल्या केंद्रीय कायद्याने हे थांबवले, एका चालकाला एकच परवाना असा दंडक घातला आणि व्यावसायिक चालकाच्या परवान्याचे किमान निकष सर्व राज्यांना समान करून दिले. १ एप्रिल १९९२ नंतर असा परवाना नसलेल्याला अवजड वाहन चालवता येईनासे झाले. ‘कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन्स’ हे त्याचे नाव, पण बोलण्यात सगळे त्याला ‘सीडीएल’ म्हणतात. २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो, किंवा त्याहून अधिक भाराची बस त्याच्या कक्षेत येते, आणि वजन कमी असले तरी चालकासह १६ किंवा अधिक माणसे नेण्यासाठी बांधलेली गाडीही येते. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अवजड प्रवासी वाहनाची सीमा १२,००० किलोंच्या पलीकडे धरलेली आहे. दोन दूरच्या देशांनी जवळजवळ एकाच वजनापाशी येऊन, यापुढे साधा परवाना पुरणार नाही, असे म्हणावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बसचालक होऊ पाहणाऱ्याला एक नव्हे तर अनेक ज्ञानचाचण्या द्याव्या लागतात. पहिली सर्वसामान्य ज्ञानाची. दुसरी प्रवासी वाहतुकीची, जी उत्तीर्ण झाल्यावर परवान्यावर ‘एंडोर्समेंट’, म्हणजे विशिष्ट कामासाठीची जादा मान्यता, मिळण्याचा मार्ग खुला होतो. शाळेची बस चालवायची असेल तर तिची वेगळी. आणि गाडीला एअर ब्रेक असतील तर त्यांची आणखी एक. बहुतेक राज्यांत सर्वसामान्य ज्ञानाचे ५०, प्रवासी वाहतुकीचे २० आणि एअर ब्रेकचे २५ प्रश्न असतात, आणि ८० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. या चाचण्यांनंतर शिकाऊ परवाना हाती येतो, तो किमान १४ दिवस बाळगल्याशिवाय प्रत्यक्ष गाडीवरची परीक्षा देता येत नाही, आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून त्या परीक्षेआधी नोंदणीकृत संस्थेचे प्रशिक्षणही सक्तीचे झाले आहे. मात्र त्या प्रशिक्षणाला किमान तासांचे बंधन नाही, उमेदवार तयार झाला की नाही हे शिकवणाऱ्याने ठरवायचे असते.

अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक राज्य आपापल्या मुखपृष्ठाने काढते, पण आतला मजकूर बव्हंशी एकाच नमुन्यावर बेतलेला असतो. त्याची भाषा कोरडी, आज्ञार्थी आणि आखूड वाक्यांची आहे, वाङ्मयीन गुणांसाठी कोणी ते वाचायला घेणार नाही. तरीही सावकाश वाचणाऱ्याला त्यात अशा काही जागा सापडतात, की जिथे आकडेच बोलू लागतात. गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराचा परिच्छेद अशांपैकी एक आहे. ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, वेगाने जाणाऱ्या अवजड वाहनाच्या चालकाला पुढचे संकट दिसून ते संकट आहे हे मनाने ओळखेपर्यंत गाडी १४२ फूट पुढे गेलेली असते; ओळखल्यावर पाय एका पट्टीवरून उचलून ब्रेकवर ठेवेपर्यंत आणखी ६१ फूट जातात; आणि ब्रेक लागल्यापासून चाके थांबेपर्यंत २१६ फूट लागतात. बेरीज ४१९ फूट होते. या तीन आकड्यांकडे जरा वेळ पाहिले तर ध्यानात येते की थांबण्याच्या अंतराचा जवळजवळ अर्धा भाग ब्रेक लागण्याआधीच संपलेला असतो, आणि तो यंत्राच्या हिशेबात धरलेला नसून माणसाच्या डोळ्यांच्या, मनाच्या आणि पायाच्या हिशेबात धरलेला आहे. जो उमेदवार केवळ ४१९ हा आकडा पाठ करतो त्याला एक गुण मिळतो. ज्याला त्या आकड्याची फोड पाठ आहे, त्याला आपण स्वतः त्या अंतराचा किती मोठा भाग आहोत हेही कळलेले असते.

एअर ब्रेकचे प्रकरण हा या तयारीचा गाभा म्हणावा लागेल, आणि उमेदवार सर्वांत जास्त धास्ती याच प्रकरणाची घेतात. लहान मोटारीत पायाचा जोर तेलाच्या द्वारे चाकापर्यंत पोचतो. मोठ्या बसमध्ये हे काम दाबलेली हवा करते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो, चालकाने पायपट्टी दाबली की ती हवा नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या डब्यात शिरते, तिथला पडदा एका दांड्याला ढकलते, दांडा एक आस फिरवतो आणि त्या फिरण्याने ब्रेकचे जोडे ड्रमला आतून घट्ट भिडतात. तेलाला दाबले की ते तत्काळ जोर पोचवते; हवेला मात्र नळ्यांतून वाहत जायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि त्या अवधीतच ५५ मैलांच्या वेगाने जाणारी गाडी सुमारे ३२ फूट पुढे सरकते, म्हणून वरच्या ४१९ फुटांचे ४५० होतात. पहाटेच्या वेळी महाराष्ट्रातील कोणत्याही एसटी आगारात उभे राहिले तर या प्रकरणाचा पहिला धडा कानांनी ऐकता येतो: चालक गाडी सुरू करतो आणि काही वेळ जागेवरच चालू ठेवतो, कारण टाकीत पुरेशी हवा बनल्याशिवाय गाडी हलवायची नसते, आणि हवा भरली की जादा हवा सोडणाऱ्या झडपेचा फुस्स असा आवाज येतो. चढण्यासाठी उभ्या असलेल्या प्रवाशाला ती नुसती घरघर वाटते. चालकाच्या लेखी ती गाडीने घेतलेला श्वास असतो.

या रचनेत एक उलटा विचार दडलेला आहे आणि तो समजला की बाकीचे आकडे आपोआप जागी बसतात. गाडी उभी असताना लागणारा आणि संकटात आपोआप लागणारा ब्रेक हवेने लागत नाही, तो जबरदस्त ताकदीच्या स्प्रिंगांनी लागतो, आणि हवेचे काम त्या स्प्रिंगांना मागे दाबून धरणे हे असते. टाकीतली हवा गेली की स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि चाके जखडतात. म्हणजे पायाने लावायचा ब्रेक हवेच्या असण्यावर अवलंबून असतो आणि शेवटच्या क्षणी वाचवणारा ब्रेक हवेच्या नसण्यावर. मात्र ही वाचवणी आंधळी असते. चालकाने वेळीच गाडी बाजूला घेतली नसेल तर ती स्प्रिंग कुठे, कशी आणि किती जोराने चाके धरेल यावर त्याचा ताबा राहत नाही. म्हणूनच त्याआधीचे सर्व इशारे त्याला ओळखू आले पाहिजेत, आणि परीक्षेची सारी धडपड त्या ओळखीसाठी आहे.

ही तपासणी ज्या क्रमाने करायची तो क्रम अमेरिकी उमेदवार ‘लॅब’ या एका शब्दात बांधून ठेवतात: लीक, अलार्म, बटण. प्रथम चाकांना ठोकळे लावून, पुरा दाब भरून, इंजिन बंद करायचे आणि पार्किंग ब्रेक सोडून एक मिनिट दाबमापकाच्या काट्याकडे पाहायचे. एकट्या गाडीत, म्हणजे मागे काही जोडलेले नसताना, काटा एका मिनिटात दर चौरस इंचाला २ पौंडांहून जास्त उतरता कामा नये. मग पायपट्टी दाबून धरून आणखी एक मिनिट. आता ३ पौंडांपर्यंत सूट. या मिनिटात बसमध्ये कमालीची शांतता असते, इंजिन बंद असल्यामुळे कुठे बारीकशी हवा सुटत असेल तर ती कानाला कळते, आणि उमेदवाराची नजर एका काट्याच्या टोकावर खिळलेली असते. त्यानंतर किल्ली फिरवून, इंजिन मात्र सुरू न करता, पायपट्टी पुन्हा पुन्हा दाबून टाकीतली हवा मुद्दाम संपवत न्यायची. दाब ५५ ते ६० पौंडांच्या आसपास आला की इशाऱ्याचा दिवा आणि कर्कश बझर सुरू झालाच पाहिजे. तरीही थांबायचे नाही, आणखी दाबत राहायचे, आणि ४५ ते २० पौंडांच्या दरम्यान पार्किंग ब्रेकचे पिवळे बटण आपोआप बाहेर उडी मारते. हे सारे परीक्षकासमोर करताना प्रत्येक पायरी तोंडाने सांगावी लागते आणि एअर ब्रेकच्या तपासणीत चूक झाली तर तेवढ्यानेच उमेदवार वाहन तपासणीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण होतो.

या पाढ्यातील शहाणपण पहिल्या वाचनात दिसत नाही. उभ्या गाडीत, ठोकळे लावलेल्या चाकांवर, कोणताही धोका नसताना चालक आपल्या हातांनी संकट घडवून आणतो. हवा जाऊ देतो, बझर वाजू देतो, बटण उडू देतो. पुढे कधी उतारावर तो आवाज आला तर तो परका वाटू नये, यासाठी तो आधी अंगणात ऐकून ठेवायचा असतो.

तो आवाज परका वाटला तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण कॅलिफोर्नियाच्या इतिहासात नोंदलेले आहे. २१ मे १९७६ रोजी युबा सिटी हायस्कूलच्या गायनवृंदातील विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बस मार्टिनेझ गावाजवळ महामार्गावरून उंच पुलाच्या उतरत्या रस्त्यावर वळली, तिथे तिचे ब्रेक लागले नाहीत, ती कठडा तोडून खाली पडली आणि उलटली. २८ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतची एक प्रौढ व्यक्ती असे २९ जण मृत्युमुखी पडले. गाडीने इशारा दिला नव्हता असे नाही. तो इशारा हवेचा दाब उतरल्याचा होता आणि चालकाने तो तेलाच्या दाबाचा समजला. महामार्ग सोडून गाडी कुठेतरी थांबवून पाहावी, हा त्याचा विचार तेलाच्या बाबतीत अगदी बरोबर ठरला असता. हवेच्या बाबतीत मात्र त्या निर्णयाने त्याला नेमके उताराच्या वळणावर नेले. इथे त्या माणसाच्या नीयतीविषयी किंवा त्याच्या हातापायांच्या कसबाविषयी बोलण्याचे कारण नाही. दोन दाबांमधला फरक, जो पुस्तिकेत दोन ओळींत मावतो, तो त्याच्या मनात हव्या त्या क्षणी वर आला नाही, आणि या घटनेनंतर ज्ञानचाचणीला केवळ कागदी सोपस्कार म्हणणे कोणाही विचारी माणसाला जड जावे.

पाठांतराविषयी मराठी समाजाच्या मनात दुहेरी भाव आहे. एकीकडे घोकंपट्टी, पोपटपंची असे तिरस्काराचे शब्द आहेत, तर दुसरीकडे मुखोद्गत असणे हे आजही विद्वत्तेचे लक्षण मानले जाते. आणि या दोहोंच्या मध्ये, शाळेच्या आणि दुकानाच्या सीमेवर, पाढे उभे आहेत. पूर्वीच्या पिढ्यांतील मुले पावकी, निमकी, दिडकी आणि साडेतिनाची औटकीसुद्धा पाठ करत, ती परीक्षेत गुण मिळवण्यापुरती नव्हे. गिऱ्हाईक समोर उभे असताना, वजनाचा काटा हलत असताना, मनाला बेरजेत गुंतून पडावे लागू नये म्हणून. पाठ झालेली गोष्ट विचाराची जागा घेत नाही, ती विचाराला जागा करून देते. बसचालकाच्या पाठांतराची जात हीच आहे. ज्याला हवेचा क्रम तोंडपाठ आहे तो तपासणी करताना पुढची पायरी आठवण्यात मन खर्च करत नाही. त्याचे मन मोकळे राहते आणि मग नेहमीच्या क्रमात न बसणारी गोष्ट, एखाद्या नळीवरचा ओला डाग किंवा वेगळा वास, त्याला जाणवू शकते.

प्रत्यक्ष परीक्षेत गाडीभोवती फिरून प्रत्येक भाग दाखवत बोलायचे असते, आणि त्यात एक पालुपद वारंवार येते: हा भाग घट्ट बसलेला आहे, तडकलेला नाही, वाकलेला नाही, तुटलेला नाही. आरशापाशी तेच, पाट्यांपाशी तेच, दारापाशी तेच. अभ्यास करणारे हे पालुपद चालता-बोलता म्हणत राहतात, घरातल्या माणसांनाही ते पाठ होऊन जाते. ज्या भागांची नावे त्यात येतात, त्यांपैकी ‘स्लॅक अ‍ॅडजस्टर’ हा एक भाग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. चाकाजवळच्या डब्यातून येणारा दांडा आणि ब्रेकची आस यांना जोडणारा हा लोखंडी तुकडा, ब्रेकचे जोडे झिजत गेले की मधली ढील भरून काढतो. तो तपासायचा तर ब्रेक सोडलेल्या स्थितीत गाडीखाली हात घालून तो जोराने ओढून पाहायचा आणि जोडणीच्या जागी तो साधारण एक इंचाहून जास्त हलता कामा नये. पुस्तिकेतला एक इंच हा केवळ आकडा असतो. ग्रीस लागलेल्या बोटांना तोच इंच अगदी वेगळ्या रीतीने कळतो. उत्तम तयारी ती, जिच्यात हे दोन इंच एकमेकांना भेटतात.

ही भेट प्रत्येक वेळी होतेच असे मात्र नाही, आणि पाठांतराची बाजू घेणाऱ्याने हे स्पष्ट सांगायला हवे. बाजारात प्रश्नसंच मिळतात, मोबाईलवर सरावचाचण्या मिळतात, आणि त्यांतून प्रश्नाचा पहिला अर्धा भाग दिसताच योग्य पर्यायावर बोट ठेवण्याची सवय लावून घेता येते. अशा उमेदवाराला बझर ६० पौंडांच्या सुमारास वाजतो हे ठाऊक असते, पण तो बझर कसा वाजतो आणि वाजल्यावर पहिल्यांदा काय करायचे हे ठाऊक असतेच असे नाही. पाढ्याचा अर्थ कळल्याशिवाय पाढा म्हणणे आणि पाढ्याचा अर्थ कळून तो जिभेवर बसवणे, या दोन्ही गोष्टी परीक्षेच्या पडद्यावर सारख्याच दिसतात; परीक्षेची ही मर्यादा तिच्या रचनेतच आहे आणि ती कमी करण्याचे काम शिकवणाऱ्याचे आहे.

प्रवासी वाहतुकीचे प्रकरण एअर ब्रेकइतके अवघड नाही, पण त्याचा रोख वेगळा आहे. इथे पुस्तिका यंत्राकडून माणसांकडे वळते. मधल्या वाटेत सामान असू नये, आसने जमिनीला पक्की जखडलेली असावीत, आपत्कालीन दारे सहज उघडावीत, उभ्या प्रवाशांसाठी चालकाच्या आसनामागे जमिनीवर दोन इंच रुंदीची रेषा असावी आणि तिच्या पुढे कोणी उभे राहू नये, दंगा करणाऱ्या प्रवाशालाही त्याच्या जिवाला धोका होईल अशा जागी उतरवू नये. एका वाक्यात असे म्हटले आहे की उतार दिलेल्या वळणावर बस बाहेरच्या बाजूला झुकत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. स्पीडोमीटरकडे न पाहता गाडीच्या कलण्यावरून आपली चूक ओळखायला शिकवणारे हे वाक्य पूर्ण पुस्तिकेतील सर्वांत अनुभवी वाक्य वाटते.

मराठी वाचकाला या प्रकरणात एक माणूस सतत अनुपस्थित जाणवेल, आणि तो म्हणजे कंडक्टर. एसटीच्या परंपरेत, म्हणजे १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली तेव्हापासून, बस ही दोघांची राहिली आहे. पुढे पाहणारा एक आणि मागे पाहणारा एक, आणि त्यांच्यामध्ये दोरीची ती घंटा, एकदा वाजली तर थांबायचे, दोनदा वाजली तर निघायचे. दार लागले का, म्हातारी माणसे चढली का, कोणाचे मूल खाली राहिले का, याची जबाबदारी दोरी धरणाऱ्या हातावर होती. अमेरिकेतील बसचालक एकटा असतो, आणि त्यामुळे तेथील परीक्षा कंडक्टरचे डोळेही त्याच्याकडूनच मागते. महाराष्ट्रातही आता विनावाहक फेऱ्या धावतात आणि ‘चालक तथा वाहक’ अशी पदे भरली जातात, तेव्हा हे दुसरे प्रकरण इथल्या चालकाच्याही अभ्यासात अधिक ठळकपणे यायला हवे, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

रेल्वे फाटकाचा नियम पाहिला तर हा फरक नजरेत भरतो. भारताच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ प्रमाणे पहारा नसलेल्या फाटकापाशी चालकाने गाडी थांबवायची, कंडक्टरने किंवा क्लीनरने उतरून रुळांपर्यंत चालत जायचे, दोन्ही बाजूंनी गाडी येत नसल्याची खात्री करायची आणि पुढे चालत बसला रूळ ओलांडून न्यायचे. बरोबर कोणीच नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. ब्रॉडगेज मार्गांवरील अशी बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या आरंभी संपुष्टात आली, पण शिकाऊ परवान्याच्या प्राथमिक चाचणीत त्या फाटकावर घ्यायची काळजी हा विषय नियमांनी नेमून दिलेला आहे. अमेरिकेतील एकट्या चालकाला रुळांपासून १५ ते ५० फुटांच्या दरम्यान बस थांबवावी लागते, दोन्ही बाजूंना पाहावे आणि ऐकावे लागते, आणि त्याने पाहणे किंवा ऐकणे सुधारत असेल तर पुढचे दार उघडावे लागते. दार उघडण्याच्या या नियमामागे युटा राज्यातील एक सकाळ आहे: १ डिसेंबर १९३८ रोजी बर्फाच्या वादळात, सॉल्ट लेक खोऱ्यातील एका फाटकावर शाळेच्या बसला मालगाडीने धडक दिली आणि विसाहून अधिक विद्यार्थी मरण पावले. बंद काचांच्या आत, इंजिनाच्या आणि मुलांच्या आवाजात, येणारी गाडी ऐकू येत नाही. केंद्रीय वैद्यकीय निकषांत चालकाला पाच फुटांवरून कुजबुज ऐकू आली पाहिजे अशी एक कसोटी आहे, आणि ती तपासणारा तेवढ्या अंतरावर उभा राहून खरोखरच कुजबुजतो. फाटकापाशी दार उघडून क्षणभर गप्प राहणारा चालक त्याच कानाने ऐकत असतो.

या तयारीत भाषेचाही एक भार आहे, आणि परदेशातून येऊन बस चालवण्याचे काम धरणाऱ्यांना तो विशेष जाणवतो. राज्याराज्यांतून वाहतूक करणाऱ्या चालकाला लोकांशी बोलता येण्याइतके, रस्त्यावरच्या पाट्या समजण्याइतके, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याइतके आणि नोंदी लिहिण्याइतके इंग्रजी यावे असा केंद्रीय नियम आहे, २०११ च्या नियमबदलाने परीक्षेत दुभाष्या घेण्यास मनाई केली, आणि गाडीवरच्या परीक्षेत तोंडी आज्ञा इंग्रजीतच समजाव्या लागतात. आपल्या देशात वीस वर्षे ट्रक चालवलेल्या माणसालाही तिथे प्रत्येक भागाला नव्याने नाव द्यावे लागते. ज्याला तो आजवर पाटा म्हणत आला, त्याला परीक्षकासमोर दुसऱ्या नावाने हाक मारावी लागते, आणि हात ओळखतो पण जीभ अडखळते अशी त्याची अवस्था होते. अशा माणसाचे पाठांतर नवख्या तरुणाच्या पाठांतरापेक्षा फार निराळे असते. तरुण शब्दांना वस्तू शोधत असतो, आणि हा वस्तूंना शब्द.

शाळेच्या बसच्या प्रकरणात शेवटी शेवटी एक लहानसा प्रश्न असतो, ज्याचे उत्तर चुकणे जवळजवळ अशक्य आहे आणि म्हणूनच बहुतेक उमेदवार तो वाचून लगेच पुढे जातात: फेरी संपल्यावर चालकाने काय करावे? उत्तर असे की त्याने बसमधून शेवटपर्यंत चालत जावे आणि झोपलेले मूल, विसरलेल्या वस्तू, उघड्या राहिलेल्या खिडक्या पाहाव्यात. काही बसमध्ये अगदी मागच्या टोकाला एक बटण बसवलेले असते आणि इंजिन बंद केल्यावर कोणी तिथवर जाऊन ते दाबेपर्यंत इशारा वाजत राहतो. परंतु बटण दाबायला जाणे आणि पाहत जाणे यांत अंतर आहे. बाकांच्या उंच पाठींमुळे पुढून बस रिकामीच दिसते. पाच वर्षांचे मूल झोपेत बाकावरून खाली घसरलेले असू शकते, आणि ते दिसायला चालकाला प्रत्येक ओळीपाशी थांबून, बाकाच्या पाठीला धरून, खाली वाकावे लागते.